पलीकडच्या खोलीतलं गाणं

सकाळी उठले की मी आधी बैठकीतला रेडिओ लावते आणि तिथे न थांबता स्वयंपाकघरात येते. मधलं दार अर्धं लोटून घेते. चहाचं आधण चढेपर्यंत गाणं माझ्यापर्यंत पोचतं. भिंतीला, दाराला लागून येतं म्हणून त्याच्या कडा मऊ झालेल्या असतात. शब्द निम्मे कळतात, चाल पूर्ण कळते. गेली पन्नासहून जास्त वर्षं मी असंच ऐकते. गाणं पलीकडे, मी अलीकडे. मुलानं कानात घालायची ती छोटी बटणं आणून दिली तेव्हा दोन दिवस वापरून पाहिली. आवाज फार स्वच्छ होता, तबल्यावर बोट कुठे पडलं तेही कळत होतं. पण गाणं माझ्या डोक्यात वाजत होतं, आणि मला ते घरात वाजायला हवं असतं.

ही सवय मला माझ्या मायकडून आणि आत्याकडून आली. त्यांना ती घराच्या बांधणीतून आली. म्हणून तिची हकीकत सांगू गेले की आमच्या घराची, गावाची हकीकत सुरू होते.

आमचं फर्दापूर अजिंठ्याच्या घाटाखाली आहे. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, जळगावकडे जाणारा रस्ता घाट उतरला की गाव लागतं. लेणी इथून चार-पाच किलोमीटरवर, वाघूर नदीच्या नालेसारख्या वळणात. गावात जुनी मोगलकालीन सराई आहे. इतिहासाच्या पुस्तकांत आमचं नाव येतं ते मुक्कामाचं ठिकाण म्हणून. १८१९ साली कॅप्टन जॉन स्मिथला ही लेणी दिसली आणि तेव्हापासून चित्रं पाहायला, उतरवून घ्यायला माणसं येत राहिली. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम इथे तळ ठोकून होत्या. भित्तिचित्रांच्या नकला करायला त्यांच्यासोबत कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण चित्रकार आले होते. या सगळ्यांनी काय पाहिलं ते लिहून ठेवलं, छापलं, जगभर नेलं. आमच्या गावाच्या पाहण्याचा इतिहास असा दोनशे वर्षांचा आहे. त्याच दोनशे वर्षांत इथली माणसं काय ऐकत होती, कुठे बसून ऐकत होती, हे कुठे नोंदलेलं मला सापडलं नाही. मी शिक्षिका होते. नोंद नसली की ती करावी, हे मला मुलांना शिकवावं लागलं. आता स्वतः करते.

माझा जन्म १९५२ चा. घरातलं पहिलं गाणं मी ऐकलं ते जात्यावरचं. पहाटे, अजून अंधार असताना, माय आणि आत्या समोरासमोर बसायच्या. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एक जण मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात सोडायची, दुसरी ओवी उचलायची. जात्याची घरघर हाच सूर, वरच्या दगडाचा फेरा हाच ताल. मी मायच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असे. तिच्या मांडीचा झोका आणि ओवीची लय एकच होती. त्यामुळे मी ते गाणं कानानं ऐकत होते की अंगानं, हे आजही नीट सांगता येणार नाही. ओवीत भाऊ असे, विठ्ठल असे, माहेरची वाट असे, आणि दिवसा कुणाला सांगता येत नाही असं दुःख असे. ते ऐकायला समोर कुणी बसलेलं नसे. गाणारी ती, ऐकणारी तिच्यासमोरची बाई, आणि मांडीवरचं लेकरू. पुरुष पलीकडे ओसरीवर झोपलेले असत. त्यांच्या कानांवर हे जातच असणार, पण ओव्या त्यांच्यासाठी नव्हत्या.

जात्यावरच्या गाण्याचं मोल आमच्या भागाला एका थोर बाईमुळे कळलं. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. त्यांना अक्षर येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करताना गाणी आपोआप येत, आणि मुलगा सोपानदेव आणि एक भाऊबंद ती कागदावर उतरवून घेत. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मग आचार्य अत्र्यांच्या नजरेस ती वही पडली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून निघाली. मराठी कवितेतला तो एवढा मोठा ठेवा वाचला, त्याचं कारण घरातल्या दोघांनी बाईचं गाणं कान देऊन ऐकलं. मी शाळेत हा धडा शिकवायचे तेव्हा मुलांना दर वर्षी विचारायचे, तुमची आजी काय गाते? निम्मी मुलं म्हणायची, गात नाही. दुसऱ्या दिवशी तीच मुलं चार ओळी पाठ करून यायची.

गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं दळण थांबलं. मायच्या खांद्यांना आराम पडला, यात काही वाद नाही. जात्याचं गोड वर्णन ज्यांना करावंसं वाटतं त्यांनी पाच शेर ज्वारी दळून पाहावी. पण दळण थांबलं तशी ओवी म्हणायची जागाही गेली. बाई रिकाम्या हातांनी बसून ओवी म्हणत नसे. ओवीला काम लागे. मायच्या तोंडून गाणं ऐकू येणं त्या काळात हळूहळू कमी झालं, आणि त्याच सुमारास आमच्या बैठकीत रेडिओ आला.

रेडिओची कथा आमच्या भागात थोडी वेगळी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्यात हैदराबादेत आणि औरंगाबादेत सरकारी रेडिओ केंद्रं होती. १ एप्रिल १९५० ला ती आकाशवाणीकडे आली. पुढे औरंगाबादचं केंद्र बंद झालं, ते पुन्हा उभं राहायला सत्तरचं दशक उजाडलं. माझे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, उर्दू शाळेत शिकलेले. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतच होतं. घरात ते मराठी बोलत, हिशेब मोडीत लिहीत, आणि गाणं उर्दूतलं ऐकत. हैदराबादची गझल आणि कव्वाली लागली की त्यांचा चेहरा बदलायचा. माय आणि आत्या शाळेत गेल्या नव्हत्या. त्यामुळे बैठकीतून येणारं गाणं त्यांच्यापर्यंत दोन आडोशांतून पोचायचं. एक भिंतीचा, दुसरा भाषेचा.

ती भिंत मला नीट सांगायला हवी. आमचं घर धाब्याचं. मातीच्या भिंती दीड हात जाड. रस्त्याच्या बाजूला ओसरी, मग बैठक, मग माजघर, आणि शेवटी चुलीची खोली. बैठक आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीत वर एक हातभर रुंदीचा झरोका होता, उजेडासाठी ठेवलेला. बापूंनी १९५८ साली रेडिओ घेतला, कापूस चांगला पिकला होता त्या वर्षी. लाकडी पेटीचा, पुढे कापड लावलेला, आत काचेच्या नळ्या. लावला की लगेच बोलत नसे. नळ्या तापेपर्यंत गुंजारव करायचा आणि मग कुठून तरी लांबून आल्यासारखा आवाज यायचा. वीज गावात नव्हती. विटेएवढ्या जाड कोरड्या बॅटरीवर तो चालायचा आणि ती महाग होती. म्हणून रेडिओ ठरल्या वेळीच लागे. बातम्या, बाजारभाव, एक गाण्यांचा कार्यक्रम, की बंद. धाब्यावर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये तारेची पट्टी ताणली होती, ती एरियल. शिवाय सरकारचा परवाना लागे. पोस्टात पैसे भरायचे, पुस्तिकेवर तिकिटं लावून शिक्का घ्यायचा. ती पुस्तिका ट्रंकेत, जमिनीच्या कागदांसोबत असायची. तिच्यावर नाव बापूंचं.

बटणाला हात लावणारे बापू. समोर बसणारे बापू, काका, शेजारचे चार जण, आणि रस्त्यानं जाता जाता टेकणारे. बायकांना ऐकायला कुणी मनाई केली नव्हती. पण परपुरुष बसलेले असताना बैठकीत जाऊन बसायचं नाही, हे सांगावं लागत नव्हतं. मग झरोक्याखाली जागा ठरली. आत्या तिथे तांदूळ निवडायला बसायची. तांदूळ रोज निवडायचे नसतात, ती मात्र रोज निवडायची. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन ती आमच्याकडे आली होती. तिच्या आयुष्यात हौस म्हणून जे काही होतं ते त्या झरोक्यातून आलं.

बुधवारचा दिवस मला विशेष आठवतो. रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. ३ डिसेंबर १९५२ ला ती सुरू झाली, बहिणाबाई गेल्या त्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी. माझ्या आयुष्यात ही दोन गाणी, एक जात्यावरचं आणि एक रेडिओवरचं, एकमेकांना अशी लागून येतात. गीतमाला सिलोनवर होती त्यालाही कारण होतं. त्याच वर्षी बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि शास्त्रीय संगीताचं प्रेम म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केलं. कोलंबोला मात्र दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेलं जबर ताकदीचं प्रक्षेपण यंत्र होतं. लघुलहरी आकाशावर आपटून पुन्हा खाली येतात, त्यामुळे दीड हजार किलोमीटरवरचं कोलंबो फर्दापुरात खणखणीत लागे. पुणं त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या अंतरावर, पण मध्यम लहरींवर दिवसा ते आमच्या पेटीत नीट लागत नसे. १९५५ साली पुणे केंद्रानं गीतरामायण सुरू केलं, तेव्हा अर्धा महाराष्ट्र शुक्रवारी सकाळी रेडिओसमोर बसला असं मी नंतर वाचलं. आमच्या घरात तर तेव्हा रेडिओही नव्हता, आणि आम्ही तेव्हा महाराष्ट्रात तरी कुठे होतो? नोव्हेंबर १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात. गीतरामायण मला प्रथम कळलं ते अध्यापक विद्यालयात, एका बाईंच्या तोंडून. गीतमालेतला अमीन सयानींचा आवाज मात्र मला सहाव्या वर्षापासून ओळखीचा.

बुधवारी आत्या भाकऱ्या आठच्या आत उरकायची. राहिल्याच, तर तिच्या हातांनी एक युक्ती शिकून घेतली होती. भाकरी थापताना आवाज होतो. बैठकीत निवेदन चालू असेल तोवर ती थापायची. गाणं सुरू झालं की पीठ मळायची, मळण्याला आवाज नसतो. गाण्याच्या मधल्या वाद्यांच्या तुकड्यात झटपट दोन थापा. कडवं आलं की हात थांबलेला. चुलीवर भाकरी जळायला टेकली तरी तिचा हात कधी चुकला नाही. मला आज वाटतं, ज्याला आपण कान तयार होणं म्हणतो ते हेच. गाण्याची मांडणी, मुखडा कुठे, अंतरा कुठे, वाद्यमेळ किती मात्रांचा, हे सगळं तिच्या पंज्यांत उतरलं होतं.

भिंतीतून आवाज गाळून येतो. जाड माती बारीक, तीक्ष्ण आवाज अडवते आणि खर्जाचे आवाज सोडते. झरोक्यातून थोडे वरचे सूरही यायचे, पण व्यंजनं झिजून जायची आणि स्वर तेवढे उरायचे. म्हणून आम्हाला गाणी ढोलकाच्या ठेक्यावरून ओळखता यायची, शब्द मात्र महिनोन्महिने कळत नसत. गाळलेल्या जागा आम्ही आमच्या शब्दांनी भरायचो. आत्याची एका गाण्याची ओळ पूर्ण तिची स्वतःची होती. मूळ उर्दू शब्दांशी तिचा काही संबंध नव्हता, पण मात्रा बरोबर बसायच्या आणि अर्थही लागायचा. ती ओळ माहेरच्या वाटेवरच्या बाभळीबद्दल होती. मोठी झाल्यावर मी मूळ गाणं वाचलं. ते चांगलं आहे. मला आत्याचं जास्त जवळचं वाटतं.

दुपारी घरात पुरुष नसत. तेव्हा माय दार लोटून घ्यायची आणि आत्या बटण फिरवायची. मुंबई केंद्राचं वनिता मंडळ खरखरत यायचं. त्यात स्वयंपाकाच्या कृती, मुलांचं संगोपन, मधूनच एखादं भावगीत. बॅटरी उतरल्याचं कळू नये म्हणून दहा मिनिटांवर लावायचं नाही, असा आत्याचा नियम. त्या दहा मिनिटांत दोघी बैठकीत, बापूंच्या जागेवर बसत नसत. दोघी उंबऱ्यात बसत. घर रिकामं असतानाही त्यांना तीच जागा आपली वाटे.

घराबाहेर गाण्याला भिंत नव्हती, पण अंतर होतं. लग्नात लिंबाच्या झाडाला भोंगा बांधायचे. किल्ली देऊन चालणाऱ्या यंत्रावर लाखेची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. संपलं की सुई बदलून दुसरी. ते गाणं पाटलाच्या वाड्यापासून शेवटच्या झोपडीपर्यंत सगळ्यांचं. होळीच्या आधी डोंगराच्या कडेच्या तांड्यावरून रात्री लेंगी ऐकू यायची. बंजारा बायका-पुरुषांचा तो घोळदार आवाज, शब्द आम्हाला कळत नसत, पण त्याशिवाय होळी आल्यासारखी वाटत नसे. आणि रस्त्याच्या पलीकडच्या वस्तीतून भीमगीतं यायची. डॉ. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं. तिथे शिकायला गेलेली पोरं सुट्टीत येताना नवी गाणी घेऊन यायची. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांचं नाव मी प्रथम त्या बाजूनं ऐकलं. १४ एप्रिलच्या रात्री ढोलकी आणि झांजांचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत स्पष्ट यायचा.

इथे मला एक गोष्ट लिहायलाच हवी. त्या वस्तीतलं गाणं आमच्या ओसरीवर येत होतं, तिथली माणसं येत नव्हती. आली तर पायरीखाली उभी राहात. आमच्या घरात बायकांसाठी भिंत होती, तर गावात माणसांसाठी रस्ता होता. आम्ही झरोक्याखाली बसून बापूंचं गाणं ऐकायचो ते मी लाडानं सांगते. तसंच रस्त्यापलीकडे बसून कुणी आमच्या मंदिरातला काकडा ऐकत असेल. त्याच्या ऐकण्यात लाड नव्हता, त्याला आत येऊ दिलं जात नव्हतं. पुढे मी शिक्षिका झाल्यावर त्या वस्तीत पहिल्यांदा जयंतीला गेले, गाणाऱ्यांच्या पुढ्यात बसून गाणं ऐकलं. इतकी वर्षं लांबून ऐकलेले शब्द तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट झाले. शिका, असं सांगणारे शब्द होते ते. मी शिकवायचं काम करत होते आणि ते मला पंचवीस पावलांवरून ऐकू आले नव्हते. लांबून ऐकण्याची मला आवड आहे. तरी काही गाणी जवळ जाऊनच ऐकावी लागतात, हे मला त्या रात्री कळलं.

नोकरी मला १९७३ साली लागली, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिसऱ्या पगारातून मी ट्रान्झिस्टर घेतला. कातडी पिशवीतला, खांद्याला अडकवायचा. पोस्टात जाऊन परवाना काढला. त्या पुस्तिकेवर माझं नाव होतं. शाळेच्या हजेरीपटाखेरीज सरकारी कागदावर छापल्यासारखं माझं नाव मी तेव्हाच पाहिलं. १९८५ साली परवान्याची पद्धत बंद झाली, पण ती पुस्तिका मी अजून ठेवली आहे. ट्रान्झिस्टर घरी आणला आणि चुलीच्या खोलीत फळीवर ठेवला. आता आडोसा नको, असं ठरवूनच. आत्या, माय, मी, तिघी समोर बसलो. विविध भारती लावली. केसकरांच्याच काळात, ३ ऑक्टोबर १९५७ ला, श्रोते सिलोनकडे गेलेले पाहून आकाशवाणीला ती सुरू करावी लागली होती. सगळे शब्द कळत होते. पाच-सात मिनिटांनी आत्या अस्वस्थ झाली. म्हणाली, “फार जवळ बोलतो वं हा. थोडा लांब ठेव.” मी तो माजघरात नेला. आत्या परत येऊन परातीपाशी बसली आणि तिचे हात चालू लागले. त्या दिवसापासून रेडिओ पलीकडच्याच खोलीत राहिला. फरक एवढाच की आता कुठलं केंद्र लावायचं ते आम्ही ठरवत होतो.

केंद्रंही जवळ येत गेली. १९६८ साली परभणीला आकाशवाणी सुरू झाली, सत्तरच्या दशकात जळगावला. जळगाव आम्हाला साठेक किलोमीटर, त्याचा ९६३ किलोहर्ट्झचा काटा आमच्या ट्रान्झिस्टरवर दिवसाही पक्का बसायचा. एका सकाळी तिथून बहिणाबाईंचं गाणं लागलं. त्यांची गाणी १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटामुळे आधीच घरोघरी गेली होती, पण आमच्या घरी सिनेमाला कोण जातं? माय शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, “हे तं आपलंच बोलनं हाय!” हैदराबाद, कोलंबो, मुंबई अशी सगळी मोठी गावं ऐकून झाल्यावर वयाच्या पन्नाशीत तिला यंत्रातून पहिल्यांदा आपली बोली ऐकू आली. त्या दिवशी ती उठून पलीकडच्या खोलीत गेली आणि गाणं संपेपर्यंत ट्रान्झिस्टरपाशी उभी राहिली.

दर हिवाळ्यात मी मुलांना घेऊन लेण्यांवर जायचे. पहिल्या लेण्यात महाजनक जातक आहे. राजाचं मन संसारातून उडालं आहे आणि ते परत आणण्यासाठी राणी सीवलीनं नाचगाणं मांडलं आहे. मधोमध नर्तकी, भोवती बासऱ्या, मृदंग, झांजा. वाजवणाऱ्या सगळ्या बायका, आणि ज्याच्यासाठी वाजवायचं तो एक राजा. मुलं नर्तकीकडे बघायची. माझी नजर कडेला जायची, खांबांपाशी उभ्या असलेल्या बायकांकडे. दीड हजार वर्षं त्या तिथे उभ्या आहेत. राजा पुढच्या चित्रात राज्य सोडून निघून जातो, म्हणजे त्यानं ते गाणं ऐकलंच नसावं. खांबांपाशी उभ्या असलेल्यांनी ऐकलं असेल, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

मग कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात दिल्ली-मुंबईच्या नव्या कंपन्यांनी ती इतकी स्वस्त केली की गाणं कुणाच्या परवानगीचं राहिलं नाही. फर्दापूर फाट्यावरच्या एका टपरीत प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, शेजारच्या टपरीत कव्वाली, पलीकडे भीमगीतं, बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या पोरांनी आणलेल्या बंजारा गाण्यांच्या कॅसेटी. ज्यांचा आवाज रेडिओवर क्वचित लागे त्यांचा आवाज आता दुकानात मिळू लागला. लेण्यांकडे जाणाऱ्या गाड्या थांबायच्या, ड्रायव्हर चहा प्यायचे, आणि एका कपात चार तऱ्हांची गाणी कानावर पडायची. तो गोंगाट होता, हे खरं. मला तो आवडायचा. ज्यांची तोंडंही एकमेकांकडे नव्हती अशी गाणी तिथे शेजारी शेजारी वाजत होती.

कॅसेटनं माझ्यावर एक उपकार केला. १९८८ साली मी कोऱ्या कॅसेटचं पाकीट आणलं आणि मायला म्हटलं, ओव्या म्हण, भरून घेते. ती बसली, तोंड उघडलं, आणि काही येईना. दोनदा, तीनदा. म्हणाली, “जातं नाही तं ओवी कशी यील?” मग आम्ही गोठ्यात पडलेलं जातं धुऊन आणलं. ज्वारी घातली. आत्या समोर बसली. तिचा हात खुंट्यावर, मायचा हात तिच्या हातावर. दगड फिरला आणि तीस वर्षं कुठे होती कोण जाणे ती ओवी उमटली. एकामागून एक. कॅसेटची एक बाजू संपली, उलटली, दुसरी संपली. पुढे वाचलं की पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तेव्हा फार बरं वाटलं. आमच्या घरातल्या साठ मिनिटांना एवढं मोठं गणगोत आहे, हे ठाऊक नव्हतं.

आज नात पुण्याहून सुट्टीला येते. तिच्या मोबाइलमध्ये आमच्या बापूंच्या सगळ्या गझला, सगळी गीतमाला, सगळं आहे. ती खाटेवर बसून कान बंद करून ऐकते. ती काय ऐकते ते मला कळत नाही आणि मी काय ऐकते ते तिला. तिला हवं ते निवडता येतं, कुणाच्या बटणाची वाट पाहावी लागत नाही. आत्याला हे मिळालं असतं तर तिनं दोन्ही हातांनी घेतलं असतं, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. एवढंच सांगेन की मला जी गाणी आयुष्यभर पुरली त्यातली बहुतेक मी निवडलेली नव्हती. ती कुणी तरी दुसऱ्यासाठी लावली होती, आणि भिंत ओलांडून माझ्याकडे आली.

पितृपक्षात मायची तिथी येते. त्या दिवशी मी जुना टेपरेकॉर्डर बैठकीत, बापूंचा रेडिओ असायचा त्याच कोनाड्यात ठेवते आणि कॅसेट लावते. मुलानं ती मोबाइलवर उतरवून दिली आहे, तरी त्या दिवशी कॅसेटच. बटण दाबते आणि स्वयंपाकघरात येऊन पीठ घेते. आधी दगडाची घरघर येते. मी दोन थापा मारून घेते. मग बैठकीतून माय गाऊ लागते, आणि माझा हात थांबतो.